मज्जारज्जूची दुखापत : सही करण्यापूर्वी कायदा जाणून घ्या

विशेष प्रतिनिधी

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसलेले असतात. शस्त्रक्रिया पार पडलेली असते, जीव वाचलेला असतो. मात्र कमरेखाली संवेदना नाहीत, हे डॉक्टरांनी नुकतेच सांगितलेले असते. आता पुढे काय, हा प्रश्न कुटुंबाला नीट सुचण्याआधीच कुणीतरी अनोळखी माणूस त्या बाकड्यापर्यंत येऊन पोहोचतो. 'क्लेमचे सगळे आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा,' असे म्हणत तो वकीलपत्राचा कोरा फॉर्म पुढे करतो. काही आठवड्यांनी तडजोडीचा प्रस्ताव येतो. बिले थकलेली असतात, घरातील कमावता माणूस अंथरुणावर असतो, आणि समोर दिसणारी रक्कम त्या क्षणी मोठी वाटते.

नेमकी येथेच चूक होते. हात किंवा पाय मोडल्यावर होणारा दावा मुख्यत्वे झालेल्या खर्चाचा असतो. मज्जारज्जूच्या दुखापतीचा दावा मात्र उरलेल्या आयुष्याच्या खर्चाचा असतो. कायद्याला हा फरक मान्य आहे आणि न्यायालयांनी तो वेळोवेळी अधोरेखितही केला आहे. परंतु कायदा केवळ तेवढेच मोजतो, जेवढे कागदावर आलेले असते. ते कागद कोणते, ते कधी जमवायचे, कोणत्या दाराशी जायचे आणि कोणत्या कागदावर घाईने सही करायची नाही, याची ही माहिती.

दुखापतीचे खरे स्वरूप

पाठीच्या कण्यातील मणका मोडला तर तो जुळू शकतो. मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू एकदा पूर्णपणे तुटला वा चिरडला गेला, तर तो पूर्ववत करणारा उपचार आजही उपलब्ध नाही. दुखापत मानेच्या भागात असेल तर चारही अवयवांवर परिणाम होतो. पाठीच्या किंवा कमरेच्या भागात असेल तर पायांची शक्ती जाते. बहुतेकांना दिसतो तो हा पक्षाघात. न दिसणारा भाग तितकाच गंभीर असतो. लघवी व शौचावरील नियंत्रण जाते, कातडीची संवेदना नाहीशी होते, एकाच स्थितीत पडून राहिल्याने शय्याव्रण म्हणजे बेडसोर होतात आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार उद्भवतो.

या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात आणि ते दर महिन्याला लागतात. कॅथेटर, हवेची गादी, चाकाची खुर्ची व काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च, फिजिओथेरपी, दिवसाचा व रात्रीचा परिचारक, न्हाणीघराचा रुंद केलेला दरवाजा, उद्वाहन नसलेल्या इमारतीतून खालच्या मजल्यावर घ्यावे लागणारे घर, हे सारे दाव्यात मागता येते. डिस्चार्जच्या दिवशी हातात असलेल्या बिलांत यातले फारसे काही नसते. म्हणूनच त्या बिलांच्या बेरजेवरून दाव्याची रक्कम ठरवू नये.

पहिल्या आठवड्यातील कागद

अपघातग्रस्ताला रुग्णालयात आणल्यावर तेथे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे 'एमएलसी', होते. अपघात कसा घडला याचे पहिले लेखी वर्णन त्यात असते आणि पुढे विमा कंपनीचा वकील याच नोंदीवर बोट ठेवतो. 'दुचाकीवरून पडला' एवढेच लिहिले गेले आणि मागून मोटारीने धडक दिल्याचा उल्लेख राहिला, तर ती त्रुटी वर्षानुवर्षे भोवते. सोबत असलेल्या नातेवाइकाने ही माहिती पूर्ण व अचूक द्यावी आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा.

रस्त्यावरील अपघातात पोलिसांकडे प्रथम माहिती अहवाल नोंदविला गेला आहे किंवा नाही, याची स्वतः खातरजमा करावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८१ मध्ये बेदरकार वाहन चालविण्याचा, तर कलम १२५ मध्ये इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणून दुखापत करण्याचा गुन्हा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल दावा न्यायाधिकरण व विमा कंपनीकडे पाठवावयाचा असतो. दहा दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म क्रमांक २ द्यावयाचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल सादर करावयाचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. हा फॉर्म मिळाला नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन तो मागावा. पंचनामा, वाहनाची नोंदणी, विमा पॉलिसी व चालकाचा परवाना यांच्या प्रतीही मिळवाव्यात.

रुग्णालयातील कागदांबाबत नियम स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता संपूर्ण केसपेपर मागावेत. त्यात मेंदू व मज्जासंस्थेच्या तपासणीची नोंद असते. दुखापत पूर्ण की अपूर्ण, याची प्रतवारी डॉक्टर 'एशिया' या मोजपट्टीवर ए ते ई अशा अक्षरांनी करतात. दाव्याच्या दृष्टीने हे एक अक्षर फार मोलाचे असते.

याशिवाय औषधांच्या मूळ पावत्या, रुग्णवाहिकेचे भाडे, परिचारकाला दिलेल्या पगाराच्या सहीनिशी पावत्या आणि रोजच्या किरकोळ खर्चाची तारीखवार वही ठेवावी. उत्पन्नासाठी पगारपत्रक, आयकर विवरणपत्र, बँकेचे पासबुक, दुकानाचा परवाना असे जे असेल ते जपावे. घर सांभाळणाऱ्या स्त्रीला 'उत्पन्न नाही' असे समजून दावा कमी करू नये. गृहिणीच्या श्रमाचे मूल्य काल्पनिक उत्पन्न धरून मोजले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे.

तातडीच्या उपचारांसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेली रोकडरहित उपचार योजना आहे. तिच्यानुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत कमाल दीड लाख रुपयांचे उपचार मिळू शकतात. मज्जारज्जूच्या दुखापतीला ही रक्कम पुरी पडणारी नाही. तरीही पहिल्या आठवड्यात तिचा आधार होतो.

अपघात तसे दार

दुखापत एकच असली तरी ती कोठे व कशी झाली, यावर कायदा आणि न्यायासन बदलते.

रस्ते अपघात : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. अपघात पुणे-सोलापूर मार्गावर झाला आणि जखमी व्यक्ती ठाण्यात राहत असेल, तर ठाण्यातही दावा दाखल करता येतो. रुग्णाला दूरच्या न्यायालयात नेण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावयाचा आहे. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना सांगितले. हा आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर न राहता सहा महिन्यांतच अर्ज करणे शहाणपणाचे होय.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी सरकारी योजनेतून ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल खात्यातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. चूक जखमी चालकाची स्वतःचीच असेल, तर समोरच्याच्या विम्यातून भरपाई मिळत नाही. मात्र २०१८ पासून वाहनमालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे करण्यात आले. ही पॉलिसी घेतलेली आहे का, हे आधी पाहावे. चूक दोघांची असेल तर दावा बाद होत नाही. आपल्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते.

खड्ड्यांमुळे अपघात : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, तर जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने द्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी नेमलेल्या समित्यांमध्ये विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांचा समावेश आहे.

रेल्वे : लोकलमधून किंवा लांब पल्ल्याच्या गाडीतून पडून दुखापत झाल्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुदत एक वर्षाची आहे. येथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाई ठरावीक परिशिष्टानुसार मिळते आणि १ जानेवारी २०१७ पासून तिची कमाल मर्यादा आठ लाख रुपये आहे. चढता-उतरताना पडणे हा प्रवाशाचा निष्काळजीपणा ठरवून दावा नाकारता येत नाही, तसेच अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. अर्थात आपण वैध प्रवासी होतो हे प्रतिज्ञापत्राने व उपलब्ध पुराव्याने दाखवावे लागते. म्हणून पास, मोबाइलमधील तिकीट आणि स्टेशन मास्तरांच्या नोंदीची प्रत जपून ठेवावी. रूळ ओलांडताना झालेला अपघात साधारणपणे या कलमात बसत नाही.

कामाच्या जागी : इमारतीच्या परांचीवरून पडणे, अंगावर माल कोसळणे अशा घटनांत मालकाची चूक असो वा नसो, भरपाई देय असते. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा कायदा यांची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणून भरपाई काढण्याची जुनी पद्धत संहितेतही कायम आहे. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. घरून कामावर जाताना वा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असल्यास, कामावरचा मानण्याची तरतूद संहितेत आहे. राज्य विमा योजनेत नाव असेल तर एकरकमी भरपाईऐवजी अपंगत्वाच्या प्रमाणात मासिक लाभ मिळतो. कामावर असताना वाहनाची धडक बसली असेल तर मोटार वाहन कायदा आणि कामगार भरपाई, यांपैकी एकच मार्ग निवडता येतो, दोन्ही नाही. ही निवड वकिलाशी बोलूनच करावी, कारण दोन्हीकडच्या रकमांत मोठे अंतर पडू शकते.

रुग्णालयातील हलगर्जी : पैसे देऊन घेतलेल्या उपचारांत निष्काळजीपणा झाला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांत तक्रार करता येते. मात्र शस्त्रक्रिया अयशस्वी होणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर जे करील ते झाले नाही, हे दाखवावे लागते आणि त्यासाठी त्याच शाखेतील तज्ज्ञाचे मत बहुधा आवश्यक ठरते. जेथे सर्वच रुग्णांना मोफत सेवा दिली जाते अशी रुग्णालये ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तेथे दिवाणी दाव्याचा मार्ग राहतो.

भरपाई मोजतात कशी?

वैद्यकीय प्रमाणपत्रावरील टक्केवारी म्हणजेच उत्पन्नाचे नुकसान नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० च्या निकालात विस्ताराने सांगितले. डावा हात गमावलेला सुतार आणि तसाच हात गमावलेला कारकून यांची शारीरिक टक्केवारी एकच असेल. पण सुताराची कमाई जवळजवळ संपते, कारकुनाची कदाचित चालू राहते. म्हणून न्यायाधिकरणाने त्या व्यक्तीचा व्यवसाय पाहून 'कार्यात्मक अपंगत्व' ठरवावे, असा दंडक आहे. दोन्ही पाय गेलेल्या रिक्षाचालकाच्या प्रमाणपत्रावर ८० टक्के लिहिले असले, तरी त्याच्या कमाईचे नुकसान शंभर टक्के धरले जाऊ शकते. तसा मुद्दा अर्जात स्पष्टपणे मांडावा लागतो.

मोजणीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, खासगी नोकरीतील २८ वर्षांच्या तरुणाला महिन्याला २० हजार रुपये पगार आहे आणि त्याचे कार्यात्मक अपंगत्व शंभर टक्के ठरले. ठरावीक पगारावर असलेल्या, चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी भावी वाढ म्हणून ४० टक्के रक्कम मिळविण्याचे सूत्र घटनापीठाने २०१७ मध्ये घालून दिले आणि ते दुखापतीच्या दाव्यांनाही लागू असल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे मासिक उत्पन्न २८ हजार, म्हणजे वार्षिक ३ लाख ३६ हजार रुपये धरले जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या तक्त्यानुसार २६ ते ३० या वयोगटाचा गुणक १७ आहे. गुणाकार केल्यास ५७ लाख १२ हजार रुपये होतात. परिचारकाचा खर्च महिन्याला १० हजार रुपये धरला, तर त्याच गुणकाने आणखी २० लाख ४० हजार रुपये होतात. झालेला वैद्यकीय खर्च, भावी उपचार, वेदना व यातना, जीवनातील आनंदाला मुकणे हे घटक यानंतर मिळवावयाचे असतात.

परिचारकाचा खर्च अशा रीतीने गुणकाने मोजावा, हे फेब्रुवारी २०२० च्या एका निकालाने ठसविले. बाराव्या वर्षी अपघातात मेंदूला जबर इजा होऊन पूर्णपणे परावलंबी झालेल्या मुलीचे ते प्रकरण होते. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ते सुमारे २५ लाख ७८ हजारांवर नेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. त्यात दोन परिचारकांच्या खर्चापोटीच २१ लाख ६० हजार रुपये होते. दुखापत वेगळी असली, तरी आयुष्यभराच्या परावलंबनाचे तत्त्व मज्जारज्जूच्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडते. आई, पत्नी वा भाऊ सेवा करीत असेल तरी त्या सेवेचे मूल्य न्यायालये अनेक निकालांत धरत आली आहेत. 'घरचेच करतात' म्हणून हा घटक सोडून देऊ नये.

दोन सह्या, ज्या थांबून कराव्यात

पहिली सही कलम १६४ ची. कोणाची चूक हे न पाहता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देण्याची ही तरतूद आहे. रक्कम लवकर मिळते, यात शंका नाही. परंतु ही भरपाई कायद्यातील विहित पद्धतीने एकदा स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो, असे कायद्यातच म्हटले आहे. वरच्या उदाहरणातील तरुणाने अडीच लाखांवर सही केली, तर ७७ लाखांहून अधिक रकमेची मागणी तेथेच थांबेल. किरकोळ अस्थिभंगासाठी सोयीची असलेली ही वाट मज्जारज्जूच्या रुग्णासाठी महागात पडणारी आहे.

दुसरी सही तडजोडीची. विमा कंपनीने दिलेला प्रस्ताव नाकारण्याचा दावेदाराला पूर्ण अधिकार आहे; नाकारल्यास न्यायाधिकरण गुणवत्तेवर सुनावणी घेते. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते हे खरेच. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. पुढे बेडसोरची शस्त्रक्रिया करावी लागली म्हणून पुन्हा दार ठोठावता येत नाही. लोकअदालतीला जाण्यास हरकत नाही. मात्र जाण्यापूर्वी वरीलप्रमाणे गणित कागदावर मांडून, किमान किती रकमेखाली उतरायचे नाही, हे कुटुंबाने आधी ठरवावे. दुखापत होऊन दोन-तीन महिनेच झाले असतील तर थांबावे. किती शक्ती परत येणार, याचे चित्र तोवर डॉक्टरांनाही पुरते स्पष्ट झालेले नसते.

वकील कसा निवडावा?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करण्यास, मध्यस्थांमार्फत पक्षकार मिळविण्यास मनाई आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे हेही नियमबाह्य आहे. रुग्णालयाच्या बाकड्यावर येऊन टक्केवारीची भाषा करणारा माणूस या दोन्ही नियमांच्या विरुद्ध वागत असतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा न वाचलेल्या वकीलपत्रावर सही करू नये. मूळ कागद देऊन टाकू नयेत; छायाप्रती द्याव्यात व दिलेल्या कागदांची यादी सहीनिशी परत घ्यावी. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

वकिलाला पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाचे दावे आपण चालविले आहेत काय? परिचारक व भावी उपचारांचा खर्च आपण कसा मांडाल? साक्षीला कोणते डॉक्टर बोलावणार? या प्रश्नांची नेमकी उत्तरे देणारा वकील हा विषय जाणतो, असे समजावे.

फी परवडत नसेल तर खचून जाण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अपंग व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयातील समितीकडे साधा अर्ज करावा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

रुग्णाला न्यायालयात न्यावे लागते काय?

मज्जारज्जूच्या दुखापतीत बुद्धी व निर्णयशक्ती शाबूत असते. त्यामुळे प्रौढ रुग्णासाठी पालक नेमण्याची गरज नसते. दावा त्याचा, निर्णय त्याचा. हाताने सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा साक्षीदारांसमक्ष घेता येतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची साक्ष कोर्ट कमिशनर नेमून घरी वा रुग्णालयात नोंदविण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. तसा अर्ज वकिलाला वेळीच करण्यास सांगावे.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडले म्हणजे काम झाले, असे नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत येऊन ही व्यक्ती काय करू शकते, काय करू शकत नाही आणि पुढे कोणते उपचार लागतील, हे सांगणे महत्त्वाचे असते. प्रमाणपत्र प्रकृती स्थिर झाल्यावर मिळते आणि त्याला कित्येकदा सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. त्यासाठी दावा अडवून धरू नये. अर्ज आधी दाखल करावा, प्रमाणपत्र नंतर जोडावे.

निवाडा मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. भरपाईची रक्कम दावेदाराच्याच बँक खात्यात जमा होते आणि तिचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. खाते, पासबुक आणि धनादेशपुस्तिका कुटुंबाच्याच ताब्यात असावीत.

नोकरी व पुढील वाट

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कोणतीही सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करू शकत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसल्यास योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. महापालिका व सरकारी महामंडळेही 'सरकारी आस्थापने'च्या व्याख्येत येतात. सक्तीचा राजीनामा किंवा वैद्यकीय निवृत्तीचा अर्ज पुढे आला तर सही करण्यापूर्वी हे कलम दाखवावे. तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. खासगी नोकरीत या कलमाचे संरक्षण नाही. तेथे नियुक्तिपत्र, गटविमा व देय रकमा तपासाव्यात.

केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, घ्यावे; ४० टक्के व त्याहून अधिक अपंगत्वासाठी असलेल्या सवलतींना ते उपयोगी पडते. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था ही केंद्रीय संस्था आहे. मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी काम करणारी नीना फाउंडेशन ही संस्थाही मुंबईतच आहे. या वाटेवरून आधी गेलेल्या कुटुंबांशी बोलल्यास खर्चाचा अंदाज आणि धीर, दोन्ही मिळतात.

मुदती एका दृष्टिक्षेपात

- मोटार अपघात दावा : अपघातापासून सहा महिने
- रेल्वे दावा न्यायाधिकरण : एक वर्ष
- कामावरील अपघाताची भरपाई : दोन वर्षे
- ग्राहक आयोगाकडे वैद्यकीय हलगर्जीची तक्रार : दोन वर्षे
- मोटार अपघात निवाड्याविरुद्ध अपील : ९० दिवस
- रुग्णालयाकडून नोंदींच्या प्रती : मागणीपासून ७२ तास

मुदत उलटली असेल तरीही विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा. सबळ कारण दाखविल्यास काही ठिकाणी विलंब माफ होऊ शकतो. गेलेली शक्ती कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. अंथरुणावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा घराबाहेर येण्यासाठी लागणारे साधन मात्र ते देऊ शकते. त्यासाठी कुटुंबाने पहिल्या दिवसापासून एकच पथ्य पाळावे : प्रत्येक कागद जपावा आणि वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नये.